‘मी दाबलं होतं!’ : जुने उड्यांचे गेम आजच्या टीव्हीवर पुन्हा खेळायचे असतील तर

गेल्या दिवाळीत ताई मिरजेला आली होती. फराळ झाल्यावर भाचीने हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर मारिओ लावला आणि कंट्रोलर तिच्या आईच्या हातात दिला. पहिल्या स्टेजचा पहिला गूंबा, म्हणजे चालत येणारा तो बुटका शत्रू, समोरून आला, ताईने उडीचं बटण दाबलं आणि मारिओ जागेवरच मेला. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, मी दाबलं होतं!”

माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. आप्पांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला संच गिऱ्हाइकाला देण्याआधी ते तो तीन-चार तास चालू ठेवून बघायचे, आणि सुट्टीत तेवढा वेळ त्या संचावर आमचा व्हिडिओ गेम जोडलेला असायचा. १९९४ च्या मे महिन्यात, कुणाच्या तरी वीस इंची टीव्हीवर, ताईने ८-४, म्हणजे आठव्या जगाची चौथी आणि शेवटची स्टेज, पार केलं होतं. असा अंगठा पहिल्या गूंबाला चुकत नाही. म्हणून मी आधी टीव्हीकडे बघितलं. पिक्चर मोड सिनेमाचा होता आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती. मी टीव्ही गेम मोडवर टाकला. पुढच्या खेपेला ताई १-२ च्या छतावरून धावत थेट वॉर्प झोनमध्ये, म्हणजे पुढच्या जगांत उडी घेता येते त्या गुप्त जागी, पोचली.

जुने गेम नव्या रूपात घेऊन नाराज झालेली बरीच माणसं मला भेटतात. ‘पूर्वीसारखी मजा नाही राहिली’, ‘आपलंच वय झालं’ असं म्हणून ती गेम बंद करतात. त्यांना मी एवढंच सांगतो की या गेमांची आठवण डोळ्यांपेक्षा अंगठ्यात जास्त असते. उडी कधी सुटते, किती उंच जाते, हवेत वळते की नाही हे अंगठ्याने तीस वर्षं जपलेलं असतं. ती उडी परत मिळाली तर बाकीचं आपोआप परत येतं. त्यामुळे इथे मी जे सांगणार आहे ते सगळं उडी परत मिळवण्यासाठी आहे.

तुमचा गेम नेमका कोणता होता?

एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन गेम असतात आणि पहिली चूक इथेच होते. ‘अल्लादीन’चं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये या नावाचे दोन पूर्ण वेगळे गेम आले. व्हर्जिनने सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी केलेल्या गेममध्ये अल्लादीनच्या हातात तलवार आहे आणि तो सफरचंदंही फेकतो. कॅपकॉमने निन्टेन्डो कंपनीच्या सुपर निन्टेन्डो यंत्रासाठी केलेल्या गेममध्ये तलवार नाही, शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची असते. कॉम्प्युटरवर आलेला गेम तलवारवाल्याचं रूप होता. त्यामुळे तुम्ही नव्वदच्या दशकात एखाद्या काकांच्या कॉम्प्युटरवर खेळला असाल, तर तुमच्या आठवणीत तलवार असणार. डिजिटल इक्लिप्सने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढलेल्या ‘अल्लादीन’ आणि ‘लायन किंग’च्या संग्रहात हा तलवारवाला आहे. बिनतलवारीचा २०२१ च्या वाढीव आवृत्तीत आला.

मारिओचंही तसंच आहे. आपण टीव्हीला जोडून, पिवळ्या-काळ्या कॅसेटला फुंकर मारून खेळलो तो १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. निन्टेन्डोनेच १९९३ मध्ये ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ नावाने तो पुन्हा रंगवून काढला. डोंगर सजले, १-२ चं काळं तळघर चित्रांनी भरलं. आज निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन वर्गणीत दोन्ही मिळतात. आठवणीतलं आभाळ सपाट निळं असेल तर १९८५ चाच घ्या. त्यामागे आणखी मोठं कारण आहे, ते पुढे सांगतो.

दुकानात सगळ्यावर ‘रीमास्टर’ लिहिलेलं असतं, पण आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. काही वेळा जुनाच गेम जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालवलेला असतो. काही वेळा जुन्या गेमची चौकट रुंद करून चित्र साफ केलेलं असतं. आणि काही वेळा जुन्याकडे बघत सगळा गेम नव्याने बांधलेला असतो. पहिल्या प्रकारात उडी जुनीच असते. दुसऱ्यात बहुतेक वेळा जुनी असते. तिसऱ्यात ती नवीन असते, मग जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो.

टीव्ही आधी, गेम नंतर

पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत उशीर नावाची गोष्टच नव्हती. सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ तसंच्या तसं काचेवर उतरवायचा. मध्ये साठवण नाही, विचार नाही. आजचा टीव्ही आधी अख्खं चित्र साठवतो, मोठं करतो, दाणे पुसतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं एक चित्र घालतो आणि मग दाखवतो. पिक्चर बघताना हे कळत नाही. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं असतात, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. टीव्हीने ८० मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही पाच चित्रं मागे पडलात. गूंबाला मारायला तेवढी पाचच चित्रं पुरतात.

गेम मोड चालू करा. तो बहुतेक टीव्हींत पिक्चर मोडमध्ये असतो, काहींत एचडीएमआयच्या त्या ठरावीक इनपुटसाठी वेगळा चालू करावा लागतो. त्यानंतर आवाज. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोनवर उडीचा आवाज मागाहून येतो आणि मेंदू त्या आवाजाच्या मागे जायला लागतो. या गेमांसाठी टीव्हीचाच आवाज किंवा तारेचा हेडफोन वापरा.

उशीर मोजताही येतो, त्याला वेगळं यंत्र लागत नाही. मोबाइल स्लो मोशनला लावा, सेकंदाला २४० चित्रांवर. अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील असा धरा. दहा वेळा उडी मारा. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बटण तळाला टेकल्यापासून पाय जमिनीवरून उचलेपर्यंतची चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. त्यात गेमचा आणि कंट्रोलरचा स्वतःचा थोडा वेळही धरलेला असतो, म्हणून शून्य कधीच येणार नाही. आमच्या टीव्हीवर सिनेमा मोडमध्ये सरासरी ३४ चित्रं आली आणि गेम मोडमध्ये १७. उशीर निम्म्यावर आला. भाचीने हे मोजमाप वहीत लिहून ठेवलंय.

चित्राचा आकारही बघून घ्या. हे गेम ४:३ च्या पडद्यासाठी काढलेले आहेत. रुंद टीव्हीवर ताणले की मारिओ बुटका होतो आणि, जास्त वाईट म्हणजे, खड्डे रुंद दिसायला लागतात. काळ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना राहू द्या. जुन्या ट्यूबसारखं चित्र दाखवणारा फिल्टर असेल तर तो एकदा लावून बघाच. ‘सोनिक’ या गेमच्या ग्रीन हिल स्टेजमधले धबधबे जवळून बघितले तर उभ्या रेघा आहेत, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. आजच्या पडद्यावर त्या रेघाच दिसतात. अख्खं चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या जुन्या कंपोझिट वायरीतून जाताना त्या एकमेकींत मिसळायच्या आणि पलीकडचं दिसणारं पाणी तयार व्हायचं. काढणाऱ्यांनी ती वायर हिशोबात धरून चित्र काढलं होतं.

आणखी एक गोष्ट फक्त वेगाची. आपल्याकडे आणि युरोपात टीव्ही ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर, चालायचे, जपान-अमेरिकेत ६० वर. युरोपातला पहिला ‘सोनिक’ त्यामुळे सुमारे १७ टक्के हळू पळायचा, गाणंही हळू. २०१८ च्या छोट्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये २० पैकी ९ गेम असेच ५० हर्ट्झचे घातले होते. एखादा जुना संग्रह विकत घेताना आवृत्ती निवडायची सोय असेल तर अमेरिकन किंवा जपानी निवडा.

अंगठा कसा ठेवायचा

ताईचा अंगठा मी जवळून बघितलाय. ती अंगठ्याचं टोक बी बटणावर दाबून ठेवायची, म्हणजे पळणं चालूच. उडी मारायची वेळ आली की अंगठा उचलायची नाही, फक्त थोडा आडवा करायची आणि सांध्याच्या भागाने ए दाबायची. जुन्या रिमोटवर बी डावीकडे आणि ए उजवीकडे, एका ओळीत होते, म्हणून हे जमायचं. आजच्या कंट्रोलरवर चार बटणं पत्त्यातल्या चौकटच्या चार टोकांवर असतात. स्विचवर बी खाली आणि ए उजवीकडे, तिथे अंगठा आडवा केला की अवघडतो. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये बटणांच्या जागा बदलायची सोय एप्रिल २०२० च्या अपडेटपासून आहे. डावीकडच्या वायला पळणं द्या आणि खालच्या बीला उडी द्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर ताईने पहिल्यांदा ‘हं!’ म्हटलं.

दिशेसाठी अधिकच्या चिन्हाचं बटण वापरा, अंगठ्याने फिरवायची ती छोटी काठी नको. हे ‘क्रॅश बँडिकूट’ या गेमलाही लागू आहे. १९९६ मध्ये तो आला तेव्हा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला काठ्याच नव्हत्या. ‘हाय रोड’सारख्या अरुंद पुलावर सरळ रेषेत जायचं तर बटणच बरं पडतं.

उडी तपासा

कुठलाही नवा-जुना गेम हातात आला की शत्रू नसलेल्या जागी थांबून तीन उड्या मारा. पहिली नुसती टिचकी, दुसरी बटण दाबून धरून, तिसरी पळत येऊन. मग हवेत असताना उलटी दिशा दाबून बघा.

मारिओत बटण जितकं धरून ठेवाल तितकी उडी उंच, पळत असाल तर आणखी उंच आणि लांब, आणि हवेतही त्याला थोडं मागे खेचता येतं. १-१ मध्येच याची शाळा बांधून ठेवलेली आहे. पहिला पाइप दोन ठोकळे उंच, दुसरा तीन, तिसरा चार. तिसऱ्यावर उभ्या जागेवरून चढायला बटण पूर्ण धरावंच लागतं. हे तिन्ही पाइप न अडखळता पार झाले म्हणजे टीव्ही, कंट्रोलर आणि गेम जागेवर आहेत असं समजा.

आता ‘ऑल-स्टार्स’बद्दलचं राहिलेलं कारण. मशरूम खाऊन मोठं व्हा आणि डोक्याने वीट फोडा. १९८५ च्या गेममध्ये वीट फुटली की मारिओ ताबडतोब खाली ढकलला जातो. ‘ऑल-स्टार्स’मध्ये वीट फुटते आणि तो वर जातच राहतो. रंगवणाऱ्यांनी चित्रांवर मेहनत घेतली, पण ही एक गोष्ट निसटली. विटांच्या खालून पळत जाणारा हात या एका जागी दर वेळी दचकतो. मला नवी चित्रं आवडतात, तरी मी खेळतो तो जुनाच.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची उडी याच्या अगदी उलट. जॉर्डन मेकनर यांनी स्वतःच्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर घेऊन त्यावरून एकेक चित्र काढलं आणि १९८९ मध्ये गेम आला. माणूस खरा पळतो, म्हणून खरा थांबतो, एकदा उडी घेतली की हवेत वळत नाही. मारिओचा हात घेऊन प्रिन्सकडे गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत दहा वेळा मराल. तिथे शिफ्ट दाबून सावकाश पावलं टाकत कडेपर्यंत जायचं आणि मगच उडी घ्यायची. साठ मिनिटांची मुदत डोक्यावर असते, पण घाई केली की मुदत जास्त जाते.

क्रॅशवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त ‘मी दाबलं होतं’ मी या गेममध्ये ऐकलंय. २०१७ मध्ये व्हिकेरियस व्हिजन्सने पहिले तिन्ही भाग ‘एन. सेन ट्रिलॉजी’ म्हणून काढले. हा तिसऱ्या प्रकारातला, नव्याने बांधलेला गेम आहे, आणि फार मनापासून बांधलाय. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. तिन्ही भागांची हाताळणी मुख्यतः तिसऱ्या भागाच्या, १९९८ च्या ‘वॉर्प्ड’च्या, मापाने केली आहे. आणि क्रॅशच्या पायाखालचा अदृश्य आकार, ज्यावरून पाय टेकला की नाही हे गेम ठरवतो, गोळीसारखा गोलाकार झालाय. पूर्वी कडेवर पाऊल टेकलं की टेकलं. आता कडेवर पडलात तर गोल बुडामुळे तो घसरतो. पहिल्याच समुद्रकिनाऱ्यावर एका पेटीच्या अगदी कडेला उभे राहा आणि हळूच बाहेरच्या बाजूला सरका, घसरण लगेच कळेल.

हे कळलं की उपायही सोपे आहेत. उडी कडेवर नाही, फळीच्या मधोमध उतरवायची. निघताना अगदी शेवटच्या क्षणापर्यंत न थांबता अर्धं पाऊल आधी निघायचं. आणि क्रम बदला. तिसरा भाग आधी खेळा, मग दुसरा, मग पहिला. तिसऱ्याची उडी तिसऱ्याच्या स्टेजला बेतलेली आहे, तिथे हात बसतो. मग पहिल्या भागाचे पूल तितके जिवावर येत नाहीत. मूळ पहिल्या भागात बोनस फेरी पार केल्याशिवाय किंवा रत्न मिळवल्याशिवाय सेव्ह करता यायचं नाही. आता आपोआप होतं, आणि हा बदल मला मनापासून पटतो.

‘सोनिक’ मी इथे थोडक्यात उरकतो, कारण त्यात फारसं बिघडत नाही. २०२२ च्या ‘सोनिक ओरिजिन्स’मध्ये एक रुंद चौकटीचा मोड आहे, त्यात लाइफ मोजत नाहीत, आणि एक जुन्या मापाचा. रुंद मोडमध्ये पुढचं आधी दिसतं, आणि इतक्या वेगाच्या गेमला ते उपयोगीच आहे. फक्त तिसऱ्या भागातल्या ‘आइसकॅप’सारख्या काही स्टेजची गाणी बदललेली आहेत, तेवढी मनाची तयारी ठेवा. ‘स्पायरो’च्या २०१८ च्या नव्या आवृत्तीत मात्र मूळ संगीत लावायची सोय दिलीय. लावाच.

मागे फिरवायचं बटण

आता बहुतेक संग्रहांत वेळ मागे फिरवता येते. स्विचच्या जुन्या गेमांत झेडएल आणि झेडआर एकत्र दाबून धरायचं. भाची प्रत्येक चुकीनंतर हे दाबायची. एका तासात पाच जगं पार झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातली एकही उडी येत नव्हती. मग आम्ही घरात ठरवलं की एका जागी तीन वेळा मेलो तरच मागे फिरवायचं, आणि तेही तीच उडी सलग दोनदा नीट येईपर्यंत सराव करायला. त्यानंतर स्टेज पहिल्यापासून खेळायची. सेव्ह करायचं ते स्टेजच्या सुरुवातीला, मधेच नाही. चार दिवसांत ती ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवाच्या कवचावर उड्या मारत लाइफ जमवायला लागली.

एका ठिकाणी मी हा नियम मोडतो. ‘लायन किंग’ची दुसरी स्टेज, जिथे माकडं सिंबाला फेकाफेकी करतात, ती मुद्दाम अवघड केली होती. अमेरिकेत लोक गेम भाड्याने नेऊन दोन दिवसांत संपवू नयेत म्हणून, असं बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलंय. लहानपणी तिथेच अडकून गेम सोडून दिलेली माणसं मला ठाऊक आहेत. तिथे बिनधास्त मागे फिरवा. त्या संग्रहात कुणीतरी खेळलेला पूर्ण गेम बघायची आणि हव्या त्या क्षणी कंट्रोलर आपल्या हातात घ्यायची सोयही आहे. पहिल्यांदा हत्तींच्या स्मशानापर्यंत पोचल्यावर मी मोठ्याने ओरडलो होतो.

आणि वर्गणी, संग्रह काहीच न घेता १९८५ चा मारिओ जसाच्या तसा खेळत असाल तर एक जुनी युक्ती विसरू नका. सगळ्या लाइफ संपल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबा. जिथे मेलात त्या जगाच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं.

घ्यायचं तर कधी

आवडता गेम दिसला की थांबू नका. ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि ३१ मार्च २०२१ ला विक्रीतून काढला. ‘ओरिजिन्स’ यायच्या आधी सोनिकच्या जुन्या सुट्या आवृत्त्या बऱ्याच दुकानांतून उतरवल्या गेल्या.

आणि ‘दहा हजार गेम’ लिहिलेली ती स्वस्त एचडीएमआय काठी घेऊ नका. मी एक घेतली होती. एकच मारिओ बारा वेगवेगळ्या नावांनी, उडीचा आवाज पाय जमिनीला लागल्यावर आणि गेम मोड लावूनही तिसरा पाइप एका दमात पार होईना. आठवड्यात ती कपाटात गेली.

भाऊबीजेच्या रात्री ताई पुन्हा बसली. सगळे झोपायला गेले होते, मी आणि भाची जागे होतो. ८-४ च्या चकव्यात ती एकदा चुकीच्या पाइपवरून पुढे गेली आणि पुन्हा त्याच जागी आली. भाची म्हणाली, “आई, मागे फिरवू?” ताई म्हणाली, “नको, थांब. आठवेल.” मग ती एका अधांतरी पाइपच्या अलीकडे थांबली, जिथे चढायला काहीच दिसत नव्हतं. दोन पावलं मागे आली. पडद्याकडे न बघता अंगठा आडवा केला. टण्‌ असा आवाज झाला आणि रिकाम्या हवेत ठोकळा उमटला.